दस्तगीरभाईंचा परवाना

दात दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या तोंडात दस्तगीरभाई आधी बघतच नसत. त्याला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवायचे, आ करायला लावायचे आणि चिमट्याच्या मागच्या टोकानं एकेक दात हलकेच ठोकत जायचे. नजर मात्र त्याच्या डोळ्यांवर. एखाद्या दाताला पापणी लवली की हात थांबे. माणूस स्वतः बोट लावून दुसराच दात दाखवत असला तरी ते ऐकत नसत. "बोटाला काय कळतंय? कळ हितली तितं पळती. तुमी गप बसा, डोळं तेवढं उघडं ठेवा की."

सोलापुरात मंगळवार पेठेत त्यांच्या-माझ्या दुकानांच्या मध्ये फक्त एक भिंत होती. मी चष्मे विकायचो, ते दात काढायचे आणि कवळ्या बसवायचे. मला ते 'चष्मेवाले' म्हणत. "चष्मेवाले, तुमचं गिऱ्हाईक हसत जातंय, माझं गाल धरून," असं रोज म्हणायचे आणि रोज स्वतःच हसायचे. मुंबईत एका पारशी दंतवैद्याच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढून ते गावी परतले होते. सुई टोचून हिरडी बधिर करायची आणि मग दात काढायचा, हे आमच्या पेठेत त्यांनीच आणलं. मंद्रूपकडची माणसं बैलगाडी जुंपून त्यांच्याकडे येत.

पण समोरच्या चौकात एक जण फडकं अंथरून, उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसे आणि लोक दोघांनाही 'दातवाला'च म्हणत. हे भाईंना फार लागायचं. एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीसच्या सुमाराची ही गोष्ट. इंग्रजी मुलखात तेव्हा आमच्याकडे दात काढायला परवाना लागतच नव्हता. भाईंनी अर्ज केला तर उत्तर आलं की अशी पद्धत नाही. "लागत न्हाय म्हंजे काय वो?" ते मला विचारत. "टांगेवाल्याला बिल्ला हाय. मी टांगेवाल्याच्या बी खाली?"

पुढे कळलं की शेजारच्या एका संस्थानात दरबार वैद्य-हकिमांना परवाना देतो, दातांच्या डॉक्टरलाही देईल. 'डॉक्टर' हा शब्द आणि आपलं नाव एका कागदावर मोहरेनिशी यावं, एवढ्यासाठी भाईंनी तिकडे किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. अखेर बोलावणं आलं. दरबारच्या डॉक्टरांसमोर एक दात काढून दाखवायचा होता. भाईंनी नवी शेरवानी शिवली आणि सोबतीला मला घेतलं.

दात होता वाड्यातल्या एका बाईसाहेबांचा. मध्ये जाड पडदा, त्याला एक फट आणि फटीत फक्त ओठ. भाई माझ्याकडे बघतच राहिले.

"डोळं दिसल्याबिगर मला कळत न्हाय, साहेब," ते दरबारच्या डॉक्टरांना म्हणाले.

"दात काढायला डोळे कशाला हवेत? तुम्हाला येतं की नाही तेवढं सांगा."

पडद्याआडून दासीनं बोट बाहेर काढून खालची एक दाढ दाखवली. बाईसाहेब म्हणतात हीच. मिश्रीनं सगळेच दात काळे पडलेले, त्यात नुसतं पाहून काही कळण्यासारखं नव्हतं. भाई जरा घुटमळले. मग त्यांनी सुई टोचली, वेळ जाऊ दिला आणि दाढ काढली. दाढ सफाईनं निघाली. पण ती त्यांनी तळहातावर उलटी केली आणि त्यांचा चेहरा पडला. मुळं स्वच्छ होती. दाढ चांगली होती.

"झालं?" दरबारच्या डॉक्टरांनी विचारलं.

झालं, एवढं म्हटलं असतं तर परवाना हातात होता. भाईंनी दाढ ताटलीत ठेवली.

"न्हाय झालं. माझं चुकलं. दुखरी अजून आत हाय."

मग पडदा हलला. फट वर सरकली आणि ओठांच्या जागी दोन डोळे आले. दासी काहीतरी पुटपुटली, पण डोळे तिथेच राहिले. भाईंनी पडद्याखालून हात घालून वरचे दात ठोकायला घेतले. एका दाढेवर ते डोळे गच्च मिटले. तीच दाढ निघाली, किडलेली, मुळाशी पू असलेली.

दरबारच्या डॉक्टरांनी हात धुतले. "परपुरुषासमोर पडदा सरकला. हे वर कळलं तर माझीही नोकरी जाईल. परवान्याचं विसरा."

परतीच्या मोटारीत अक्कलकोट मागे पडल्यावर भाई म्हणाले, "डोळं बघितल्याबिगर चिमटा लावला, चष्मेवाले. परवान्यापायी लावला." त्यानंतर त्यांनी परवान्याचं नाव काढलं नाही आणि मीही नाही. दुकान चालूच राहिलं. गिऱ्हाइकाचा तो रोजचा विनोद मात्र बंद झाला. विनोद बंद झाल्याचं माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. मी गेलो तेव्हा त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना आपा म्हणायचो, पंखा हलवत बसल्या होत्या. "कुटं दुकतंय, कायच कळंना," त्या म्हणाल्या. मला ना रडू येत होतं ना काही सुचत होतं. सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं. काहीतरी करायचं म्हणून मी भाईंच्या उशाशी बसलो आणि त्यांच्याच पद्धतीनं चाचपू लागलो. खांदा दाबला, हात दाबला, छाती, पोट, पाय. नजर त्यांच्या डोळ्यांवर. डोळे उघडे होते, पण कुठेच काही हललं नाही.

उठता उठता मी उगाच म्हणालो, "भाई, तो संस्थानचा परवाना…"

त्यांची पापणी लवली.

मी पुन्हा खाली बसलो. आपांना काही सांगितलं नाही. भाईंचा हात हातात घेतला आणि संध्याकाळी गिरणीचा भोंगा होईपर्यंत धरून ठेवला. त्याच आठवड्यात ते गेले.