भावजींचा लेथ आणि पुलापलीकडची नाणी

माझे धाकटे दीर घड्याळे दुरुस्त करतात. भिंतीवरची, टेबलावरची, लंबकाची. मनगटी घड्याळाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. जिन्याखालची खोली हे त्यांचे दुकान. खिडकीला लागून टेबल आणि टेबलाच्या कडेला उभी पट्टी, म्हणजे निसटलेला स्क्रू जमिनीवर जात नाही. कोणतेही काम आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघायचे, मग खऱ्या वस्तूला हात लावायचा, ही त्यांची रीत. जाऊबाईंना बघायला यायचे होते तेव्हा हा गृहस्थ आदल्या दिवशी येऊन रस्ता पाहून गेला होता. जाऊबाई ही गोष्ट अजून आल्यागेल्याला सांगतात.

परदेशातले एक संग्राहक त्यांच्याकडे जुनी घड्याळे पाठवतात आणि मजुरी क्रिप्टोत देतात. डॉलरच्या भावाला बांधलेली नाणी. भावजींनी ती फोनमधल्या पाकिटात तशीच राहू दिली होती, कारण त्यांना एक लेथ घ्यायचा होता. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली ते शिकले, ते वारले होते. घड्याळातले केसासारखे बारीक आस कातायचा त्यांचा छोटा लेथ त्यांच्याच बंद दुकानात पडून होता. मिस्त्रींची मुलगी परदेशी स्थायिक झालेली. ती फोनवर म्हणाली, "काका, नाणी चालतील मला. पण माझं पाकीट दुसऱ्या ब्लॉकचेनवर आहे, तिथे पाठवा. शनिवारी दुकान रिकामं करून द्यायचंय, उरलेलं सगळं भंगारात जाणार."

"दुसऱ्या म्हणजे?" जाऊबाईंनी विचारले.

"ब्लॉकचेन म्हणजे नाण्यांची हिशेबवही. नाणं तेच, वह्या वेगळ्या. या वहीतलं त्या वहीला दिसत नाही. मधे ब्रिज, म्हणजे पूल असतो. इकडे नाणं कुलपात ठेवायचं, तिकडे तेवढंच मोकळं होतं."

"बँकेत गेला असतात तर आत्तापर्यंत जेवून झोपला असतात."

शुक्रवारी दुपारी फोनवरचे इंग्रजी वाचायला भावजींनी मला बोलावले. त्यांनी आधी थोडी नाणी पलीकडे धाडली. ती त्यांच्याच पाकिटात, नव्या ब्लॉकचेनवर दिसली. मग उरलेली धाडली, तीही पोचली. आता तिथून मुलीला पाठवायची, तर बटण दाबलेच जाईना. खाली लिहिले होते की शुल्क भरायला शिल्लक नाही. प्रत्येक ब्लॉकचेन पाठवणावळ आपल्याच नाण्यात घेते, त्याला गॅस म्हणतात. जुन्या ब्लॉकचेनवरचा गॅस पूल ओलांडण्यात संपला होता आणि नव्या ब्लॉकचेनवर कणभरही नव्हता. विकत घ्यायचा तर नवे खाते उघडायचे, त्याची तपासणी व्हायला सोमवार उजाडणार.

"गॅस संपला? स्वयंपाकघरातला आणून देऊ का?" जाऊबाई म्हणाल्या.

भावजी हसले नाहीत. "चाकं फिरवून पाहिली, वहिनी. काटा लावून पाहायचा राहिला. पूल तपासला, पुढची पाठवणी नाही."

त्यांनी फोनवरच्या, पाकीट वापरणाऱ्यांच्या मदतीच्या गटात विचारले. लगेच एक फार नम्र माणूस उगवला. तुमच्या पाकिटाचे बारा शब्द कळवा, मी अडकलेले पैसे सोडवतो. मी ते वाचून दाखवले. भावजींनी फोन पालथा ठेवला.

"बारा शब्द म्हणजे अख्ख्या दुकानाची किल्ली. लेथ गेला तर एक लेथ जाईल."

मग त्यांनी मुलीला फोन लावला. "बाळा, पैसे आलेत पण हलत नाहीत. तू आधी चिमूटभर गॅस पाठव, लगेच तुझे पैसे पाठवतो."

ती म्हणाली, "काका, राग मानू नका. पण 'आधी तुम्ही थोडं पाठवा' असंच म्हणून मला एकाने बुडवलंय."

भावजींचे कान लाल झाले. गिऱ्हाइकाकडून कधी आगाऊ पैसा न घेतलेला माणूस! जाऊबाई खुणेने सांगत होत्या, तिच्या बाबांची आठवण काढा. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि फोनवर हात धरून पुटपुटले, "लबाडही अशाच आठवणी काढतात."

हात काढून ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्या पाकिटाचा पत्ता देतो. तो कोणालाही उघडून बघता येतो. त्यात किती आलंय आणि गॅस आहे का, तूच बघ. पटलं तर पाठव. नाही पटलं तर लेथ भंगारात तेवढा घालू नकोस, एखाद्या शिकणाऱ्याला दे."

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

भावजी भिंग पुसत बसले. पुसून झाले की पुन्हा पुसत. जाऊबाईंनी चहा पुढे केला, तो निवला. अखेर फोन वाजला. गॅस आला होता. त्या चहाच्या किमतीइतकाही नसेल. भावजींनी मुलीचा पत्ता मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला आणि बटण दाबले.

"मिळाले, काका," ती म्हणाली. "आणि सॉरी हं."

"सॉरी कशाला? बघूनच दिलंस, बरं केलंस."

"बाबांच्या खणात पितळी कांड्या आहेत, त्याही लेथबरोबर टाकायला सांगू का?"

"टाक. किंमत सांग."

"नको! तुम्ही पुन्हा पुलावर अडकाल."

तेव्हा मात्र ते हसले.

शनिवारी लेथ आला. त्याला जागा करायला जाऊबाईंनी स्वतः कपाट सरकवले, आणि तोंडाने चालूच होते, "म्हणजे आता हे लोखंडही मीच पुसायचं."