मेपलला मीठ बाधलं तेव्हा

तळ्यांनी आणि नद्यांनी भरून वाहणाऱ्या या अख्ख्या कॅनडा देशात पाण्याच्या एकेका थेंबासाठी जीव टाकणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचे सासरे. मी पुण्याची, कौतुकाच्या बाबतीत आमचा हात आखडताच, तरी हे मी बेलाशक सांगते. काका मूळचे वर्ध्याकडचे, पण सगळी नोकरी राजस्थानच्या वाळवंटात, सरकारच्या संशोधन खात्यात. जमिनीखाली दगड कुठला, खाणीतून निघतं काय, आणि वर निदान बाजरी तरी उगवेल का, या तीन प्रश्नांत त्यांची उभी हयात गेली. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात ते इथे आमच्या कनाटा नावाच्या उपनगरात मुलाकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत लोणच्याची एक बरणी होती आणि बाकी सगळे वाळवंटाचे जुने सरकारी अहवाल. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "एनी सॉइल?" काका प्रामाणिकपणे म्हणाले, "ओन्ली ऑन पेपर, सर." त्यावर बॅग उघडली गेली, आणि बाहेर ताटकळलेल्या मुलाचा जीव टांगणीला लागला.

मैत्रीण आणि मी एकाच ऑफिसात, घरंही एकाच गल्लीत, त्यामुळे काकांच्या लीला मला रोज लंचला ताज्या ताज्या मिळायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना बेसमेंटमधला डीह्युमिडिफायर सापडला. हवेतली ओल खेचून बादलीत पाणी जमवणारं यंत्र! काका त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. उंटावर बसून, बैलगाडीत बसून, पायी फिरून ज्यांनी जन्मभर पाणी शोधलं, त्यांच्यासमोर ते आपोआप ठिबकत होतं. आणि सूनबाईने येऊन भरलेली बादली सरळ सिंकमध्ये ओतली. "काहून बाप्पा, पाणी फेकता?" काका किंचाळलेच. त्या दिवसापासून बादलीचा ताबा त्यांच्याकडे गेला. तेच पाणी कढीपत्त्याला, तेच गाडी पुसायला. डिशवॉशर चालू झाला की ते घराबाहेर चक्कर मारायला जायचे, त्यांना तो आवाज ऐकवत नसे.

बोलणं म्हणाल तर सरकारी अहवालाच्या थाटाचं. साधी भाजी कशी झाली विचारलं तर आधी प्रस्तावना, मग निरीक्षणं, मग निष्कर्ष, आणि शेवटी "अधिक चाचण्यांची गरज आहे" म्हणून ताट पुढे. दुसरी खोड दगड चाटण्याची. कुठलाही दगड दिसला की उचलायचा, पुसायचा, जिभेला लावायचा. मॉलच्या बाहेरच्या शोभेच्या दगडांनाही त्यांनी सोडलं नाही. मैत्रीण लाजेने मरायची. "अवं, जीभ ही पहिली प्रयोगशाळा," ते तिची समजूत घालायचे, "बाकीच्या प्रयोगशाळा मंजूर होईपर्यंत रिटायर होते माणूस." घरातल्या भिंतींवरही त्यांनी टिचकी मारून पाहिली. आतल्या ड्रायवॉलच्या तक्त्यांमध्ये जिप्सम आहे हे कळल्यावर तर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ज्याच्या खाणी त्यांनी वाळवंटात पालथ्या घातल्या, त्याच जिप्समच्या भिंतींत त्यांचा मुलगा इथे संसार करत होता!

आता माझ्या झाडाविषयी. मिसिसागा शहरात बेसमेंटमध्ये भाड्याने राहून राहून आम्ही कनाटात घर घेतलं, तेव्हा बिल्डरने पुढे एक मेपलचं रोपटं लावून दिलं होतं. या देशातली माझी म्हणावी अशी ती पहिली जिवंत वस्तू. पहिल्या शरद ऋतूत ते असं लाल झालं की मी आईला पन्नास फोटो पाठवले असतील. पुढच्या वर्षी मात्र रस्त्याच्या बाजूची पानं उशिरा आली, बारकी आली, आणि जूनमध्येच त्यांच्या कडा जळल्या. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी मान हलवली, "इट्स डन, डिअर. पुल इट आऊट." मी त्या दिवशी घरात येऊन चक्क रडले. झाडासाठी कोण रडतं? मी रडले बाई.

मैत्रिणीने काकांना आणलं. त्यांनी बुंध्याशी उकिडवं बसून चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "मीठ बाधलं, पोरी. तुह्या झाडाले मीठ बाधलं." हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते सगळं बर्फ काढणारी नांगरगाडी माझ्या झाडाच्या मुळाशी लोटत होती, हे आम्हा इंजिनियर मंडळींच्या डोक्यात आलंच नव्हतं. "आमच्या खाऱ्या जमिनीलेही हेच औषध देत होतो आम्ही," काका म्हणाले, "जिप्सम घाला, वरून पाणी सोडा, मीठ खाली जाते. ह्याच्यावर अहवाल आहे." अहवाल अर्थातच बॅगेत होता.

जिप्सम आणायचं कुठून? मागच्या गल्लीत नवी घरं उठत होती. काका मंकी कॅप घालून तिथे जायचे आणि ड्रायवॉलचे फेकलेले तुकडे मागून आणायचे. ठेकेदाराला वाटलं म्हातारा स्वतःच्या हाताने घर बांधतोय. त्याने एकदा हातोडीही भेट दिली. तुकड्यांचा कागद सोलायचा, आणि मग... मग काकांनी ते सुनेच्या मिक्सरमध्ये दळले. नागपूरहून मांडीवर घेऊन आणलेला मिक्सर! मैत्रिणीचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. बरं, दळलेली पांढरीशुभ्र पूड ठेवली कशात, तर स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या पिठाशेजारी. एका रविवारी उकड शिजायला टाकता टाकता तिने सहज चिमूट चाखून पाहिली म्हणून पाच माणसं वाचली. काका एवढंच म्हणाले, "पाहा, जिभेची प्रयोगशाळा कामी आली."

जानेवारीत लोकांनी टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं त्यांनी ओढत आणली आणि वाळवंटात वाळूच्या सरकत्या टेकड्या अडवायला झुडपं रोवायचे तशी माझ्या मेपलभोवती रोवली. रस्त्यावरचा खारट बर्फाचा चिखल अडला खरा, पण वाऱ्याने उडालेला बर्फ सगळा गोऱ्या आजोबांच्या ड्राइव्हवेवर जाऊन बसला. तो काकांच्या मुलाने निमूट फावड्याने उपसला.

त्या हिवाळ्यात ते माझ्याकडे चहाला बसायचे, खिडकीतून झाड दिसेल अशा खुर्चीत. एकदा मी विचारलं, "काका, एवढं कशासाठी? नर्सरीतून दुसरं आणू की." त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगू लागले. खात्यात प्रयोग लावायचा, आणि निकाल यायच्या आत बदली. टेकड्यांवर झुडपांच्या ओळी लावल्या, बदली. खाऱ्या शेतात जिप्सम टाकलं, बदली. मागून आलेल्या साहेबांना पत्रं लिहिली, उत्तर कोणी दिलं नाही. "माही झुडपं जगली का मेली, मले आजवर माहीत नाही, पोरी. एक तं निकाल पाहून जाऊ दे." मी उठून आणखी चहा टाकला.

एप्रिलमध्ये गोठलेली जमीन सुटली. काकांनी पूड पसरली, मातीत कालवली, आणि मला म्हणाले, "आता पाइप सोड." मी नळ थोडासा फिरवला. "पुरा सोड," ते म्हणाले. तो माणूस, जो अंघोळ अर्ध्या बादलीत उरकायचा, तो पाइप हातात धरून माझ्या झाडाच्या मुळाशी पाणी सोडत उभा राहिला. तोंड असं झालं होतं की जणू स्वतःचं रक्त देतायत. मध्येच पुटपुटायचे, "मीठ घालवायचं तं सोडावंच लागते... सोडावंच लागते." तेव्हा मला कळलं की माझ्यासाठी या माणसाने काय केलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते ओशाळून म्हणाले, "अवं, आधी निकाल तं येऊ दे."

निकाल आला नाही. परतीचं तिकीट एप्रिलअखेरचं होतं, प्रवासी विम्याची मुदतही तेव्हाच संपत होती, आणि इथे मेपल मे महिन्याआधी डोळा उघडत नाही. जायच्या दिवशी टॅक्सी थांबवून ते झाडापाशी गेले. फांदीची साल नखाने खरवडली, आत हिरवं आहे का पाहिलं, आणि परत फिरले. गाडीत बसताना हसून म्हणाले, "झाली बाप्पा बदली." मग काच खाली करून, "फोटो नको पाठवजो. फोटोत समजत नाही. हात लावून सांगजो."

मे उजाडला. घराच्या बाजूच्या फांद्या फुटल्या, रस्त्याच्या बाजूच्या तशाच काळ्या. मी रोज ऑफिसला जाताना बघायची आणि गाडीत बसून स्वतःवरच चिडायची. आणि एका सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर त्याच फांद्यांवर बोटाच्या पेराएवढी पानं! मी तिथूनच फोन लावला. वर्ध्यात संध्याकाळ होती.

"काका, फुटलं!"

"कोन्या बाजूले?"

"रस्त्याच्या. रस्त्याच्या बाजूला, काका."

"कडा पाहिल्या? जळल्या का?"

"नाही."

"हात लाव."

मी लावला. "मऊ आहेत. ओलसर आहेत, काका."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि काका म्हणाले, "बरं. बदली झाल्यावर कळवणारं पहिल्यांदाच भेटलं कोणी."

झाड आता माझ्याहून उंच झालंय. काका थकलेत, कानांनी फार कमी ऐकू येतं, बाकी कुठल्या गप्पा होत नाहीत. पण मे लागला की फोन येतो आणि ते एवढंच विचारतात, "फुटलं का?" मग मी बाहेर जाते, पानांना हात लावते, आणि सगळी गल्ली ऐकेल इतक्या जोरात ओरडून सांगते, "फुटलं, काका, फुटलं!" गोरे आजोबा खिडकीतून बघत असतात. आताशा तेही हात हलवतात.