कातरबाईची नात आणि मेंदूतले ठिपके

आमच्या नाटक कंपनीत राजे बरेच होऊन गेले, पण हुकूम चालायचा तो कपडेपटातल्या शिंपीणबाईचा. तिची कात्री आणि जीभ सारख्याच धारेची, म्हणून ती कातरबाई. मुकुट घालून मी प्रवेशाला निघालो की विंगेत अडवायची. "थांबा राजे, पाठ उसवलीय. प्रजा मागूनही बघते."

कंपनी बंद पडली. ती मुलाच्या घरी पुढच्या खोलीत मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवू लागली, आणि मी दुपारी तिथे गप्पांना जाऊ लागलो. नात सारखी पळत असायची, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे.

भिंगरी झोपाळ्यावरून पडली, डोक्याला लागलं म्हणून एमआरआय काढला. माराचं काही निघालं नाही, पण मेंदूत भलतेच पांढरे ठिपके दिसले. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आज हिला कसलाही आजार नाही. पण असे ठिपके असलेल्या काही मुलांना पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस होतो. शरीरच आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतं, मग कधी नजर अंधुक होते, कधी पाय जड पडतात. काहींना कधीच काही होत नाही. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढू, नवा ठिपका दिसला तर त्रासाआधीच औषधाचा विचार करू.

मुलाने आणि सुनेने ठरवलं, एमआरआय नको. आणि पोरीचं धावणंही बंद.

"नसती शोधाशोध कशाला, आई? काही निघालं तर पोर खचेल."

"आणि आता काय फुललीय? खिडकीत बसवून ठेवलीस. आजार आलेला नाही, तू आधीच त्याची चाकरी धरलीस."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. जी आहे तिचं ऐक म्हणतेय. पोरांच्या कपड्यांत मी जादा कापड का सोडते? अंग कुठे भरेल ते आज दिसत नाही. म्हणून पुन्हा माप घ्यायचं. माप घेतल्याने कुणी जाड होत नाही."

भिंगरी खिडकीतून वळलीही नाही. "बाबा, डोकं माझं आहे. मला बघायचंय."

मुलगा उठला. मग आमच्याकडे पाठ करून त्याने फोनवर तारीख घेतली.

एमआरआयच्या मशीनमध्ये जराही हलायचं नसतं. ती तालीम माझ्याकडे आली. रंगमंचावर मी कितीदा मेलोय. कापडं बेतायच्या टेबलाखाली भिंगरीला झोपवलं. "डोळे मिटले की नाक खाजतं. खाजू दे. पडदा पडल्यावर खाजव."

तपासणीच्या दिवशी कातरबाई तिच्यासोबत आत जायला निघाली. दारातल्या तंत्रज्ञाने धातूचं सगळं काढायला सांगितलं. कॉलरमधून टाचण्या निघाल्या, केसांतून पिना, खिशातून कात्री आणि बोटात घालायचा अंगुस्ताना.

"आजी, अजून काही?"

"दाढेत चांदी भरलीय. उपटू?"

"ती राहू द्या."

आत मशीनची ठोकाठोक सुरू असेपर्यंत ती नातीचा पाय धरून बसली होती. पोर तसूभर हलली नाही.

नवा ठिपका होता. एकच, लहानसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजाराची शक्यता वाढलीय, खात्री अजूनही नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासू. त्यातही खूण मिळाली तर वाट न बघता औषध सुरू करावं, असं त्यांचं मत.

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणत होतो ना आई, बघायलाच नको."

"आपण बघितला म्हणून आला का रे तो? तो येऊन बसलाच होता. पोरीला त्रास द्यायच्या आधी आपण त्याला गाठलंय. आता रडत बसायचं की उठायचं, ते सांग."

भिंगरीने थेट डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी धावू शकते?"

"धावायलाच हवं."

मुलाने सुनेकडे पाहिलं. तिने डोळे पुसून मान हलवली. "पाण्याची तपासणी या आठवड्यात होईल का?" त्याने विचारलं.

जिन्यावर भिंगरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत सुटली. मुलाच्या ओठांवर 'हळू' आलंच होतं, इतक्यात कातरबाईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो शब्द गिळून पोरीमागे भराभर उतरू लागला.