चावी अध्यक्षांकडे

‘शाश्वत बदल’ हे दोन शब्द कुणी माझ्यासमोर जोडून उच्चारले की माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे ठाऊक आहे, म्हणून ते मुद्दाम उच्चारतात. कुकरची रिंग बदलून आणली तरी नवरा विचारतो, "शाश्वत आहे ना?" त्याला हसू येतं. मी काही वर्षं एका परदेशी मदत संस्थेच्या पुण्यातल्या ऑफिसात नोकरी केली आहे, त्यामुळे मला येत नाही.

माझं काम वस्त्यांवरचं होतं. सकाळी धायरीहून स्वारगेट, तिथून हडपसरची बस, आणि पुढे रिक्षाने मांजरी. रस्त्याच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला उसाच्याच जागेवर उभे राहिलेले टॉवर. त्या टॉवरवर काम करणाऱ्या बायका बहुतेक वाशीम-यवतमाळकडच्या. विटा वाहायच्या, माल कालवायचा, भिंतींवर पाणी मारायचं. त्यांची मुलं साइटवरच असायची. रांगणारं मूल असलं तर ओढणीचं एक टोक त्याच्या पायाला आणि दुसरं सळईला. आया दुष्ट होत्या म्हणून बांधत नव्हत्या. शेजारी पाण्याचा उघडा हौद होता म्हणून बांधत होत्या.

संस्थेने तिथे पाळणाघर काढलं. आणि कितीही राग आला तरी हे मी नाकारणार नाही, ते चांगलं काढलं. एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा कोपरा दिला, तिथे विटांची, पत्र्याची एक मोठी खोली बांधली, खिडक्यांना जाळ्या लावल्या. वस्तीतल्याच एका बाईंना शिकवून तयार केलं. त्यांना सगळे मावशी म्हणत. जुलाब लागले तर काय पाजायचं, कुठल्या तापाला घरी थांबायचं आणि कुठल्या तापाला थेट दवाखाना गाठायचा, हे मावशी शिकल्या. दुपारी खिचडी असायची. सुरुवातीला आया कामावरून सारख्या खाली उतरून डोकावून जायच्या. मुकादम ओरडायचा. मग हळूहळू त्यांचं डोकावणं थांबलं. त्या निर्धास्त झाल्या. माझ्या मते आम्ही तिथे केलेलं खरं काम तेवढंच, आणि आमच्या एकाही अहवालात ते नव्हतं. निर्धास्तपणाला रकाना नव्हता.

तीन वर्षांनी संस्था तिथून बाहेर पडणार, हे आधीपासून ठरलेलं होतं. त्यालाही माझी हरकत नव्हती. जन्मभर कोण कुणाला पुरतं? प्रश्न होता की पाळणाघर कुणाच्या हाती द्यायचं. त्यासाठी समिती हवी आणि समितीला अध्यक्ष हवा. आमच्या मोठ्या मॅडम परदेशातून यायच्या. हुशार बाई, कष्टाळूही. त्यांनी नकाशासमोर उभं राहून सांगितलं की या बायका आज इथे, उद्या दुसऱ्या साइटवर, त्यांची मुळंच नाहीत. समितीचा अध्यक्ष मुळं असलेला माणूस हवा. म्हणजे जमिनीचा मालक.

"मुलं त्या बायकांची आहेत," मी म्हटलं.

"हो, पण बायका जातील," मॅडम म्हणाल्या. "खोली राहील. आपल्याला राहणारी गोष्ट जपायची आहे."

"मग निदान मावशींना अध्यक्ष करा."

"त्यांना कायमचा पत्ता नाही."

ऑफिसातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एसी चालू होता, बिस्किटं होती, मान डोलवायला अडचण नव्हती. मी आणखी बोलले असते तर मला ‘भावनिक’ म्हणाले असते. मी तरीही बोलले, आणि मला भावनिक म्हणाले.

हस्तांतरणाचा समारंभ कामाच्या दिवशी, भर सकाळी झाला, कारण मॅडमना दुपारी विमान होतं. बायका अर्थातच साइटवर. समोर बसायला अध्यक्षांचे भाऊबंद आले आणि एक माजी नगरसेवक आला, तो कुठून आला कुणास ठाऊक. पूजेच्या ताटात नारळ, हळदकुंकू आणि मधोमध खोलीची चावी. मॅडमनी ते ताट अध्यक्षांच्या हाती दिलं. अध्यक्षांनी चावी कपाळाला लावली. मुलांनी मावशींच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ, फोटो. मावशींना कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही, त्या दारात उभ्या होत्या. मला त्याच वेळी ताट हिसकावून घ्यावंसं वाटलं होतं.

पुढे लग्नसराई आली. अध्यक्षांचा मंडपाचा धंदा होता. एक दिवस मावशींचा फोन आला, म्हणून गेले, तर खोलीत छतापर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मंडपाची कापडं आणि दोन मोठी सिंहासनं, नवरानवरीची. दाराला कुलूप. पाळणे बाहेर उन्हात.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं, नाहीतर सोपं वाटेल. त्यांनी मला आग्रहाने चहा पाजला.

"तात्पुरतं हाय ताई. सीझन संपला की खाली करतो."

"दादा, मुलं कुठे ठेवायची तोवर?"

"आता ते काय माझ्या हातात हाय व्हय? आमची समिती म्हंजी खोलीची. पोरांचं तुमची संस्था बगत हुती."

त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. आम्ही त्यांना खोली दिली होती. मुलं त्यांच्या हाती दिलीच नव्हती कुणी.

मी तशीच साइटवर गेले. तिथे एक तरुण आई होती, तिची मुलगी नुकती उभी राहायला लागलेली. पाळणाघरात ती मुलगी खिडकीची जाळी धरून उभी राहायची आणि सगळ्यांना हाका मारायची. आता ती सळईला बांधलेली होती. पायात निळी ओढणी, तोंडात वाळू. आई वरच्या मजल्यावरून सारखी वाकून बघत होती, डोक्यावर विटा घेऊन. मी मुलीच्या तोंडातली वाळू काढली.

रस्त्यावर येऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तो आता समुदायाचा निर्णय आहे, आपण त्याचा आदर करायला हवा. मी फोन ठेवला आणि हडपसरच्या बसस्टॉपवर उभ्या उभ्या मोठ्याने शिवी दिली. शेजारच्या आजोबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणाला?"

"आदराला," मी म्हटलं.

"मग चालू द्या," ते म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावशींचा परत फोन. "ताई, उद्या सकाळी या. पण मधात बोलू नका." मावशी तोवर स्वतःही विटा वाहायला लागल्या होत्या, संस्थेचा पगार थांबला होता. मी गेले. कामाच्या वेळेआधी सगळ्या बायका मुलांना घेऊन निघाल्या आणि साइटकडे न वळता अध्यक्षांच्या बंगल्याकडे वळल्या. फाटक उघडंच होतं. एकेकीने आपलं मूल व्हरांड्यात बसवलं, शेजारी डबा ठेवला, तोंडावरून हात फिरवला. ती निळ्या ओढणीवाली मुलगी लगेच झोपाळ्याची साखळी धरून उभी राहिली. अध्यक्षांच्या बायको पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अगं बाई, ह्ये काय?"

"समितीचे अध्यक्ष इथंच राह्यतात ना?" मावशींनी विचारलं. "चाबी त्याइच्यापाशी हाये. मंग पोट्टेबी त्याइच्यापाशी."

"आन तुमी कुठं निगाला?"

"कामावर. संध्याकाळी नेतो."

आणि त्या खरंच गेल्या. एकीनेही मागे वळून बघितलं नाही, ती तरुण आईसुद्धा. मान वळवायची नाही असं त्यांचं आधीच ठरलं असणार. मी मात्र फाटकाबाहेर उभी राहून सगळं बघत होते. मुलांनी आधी एकत्र भोकाड पसरलं. मग एकाने तुळशीपाशी शू केली. अध्यक्ष अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले, बायको त्यांना काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण ते परत आत गेले. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. आतूनच लावला होता.

"ताई, ह्ये काय लावलंय या बायांनी? बोलवा त्यांना माघारी."

"दादा, तो समुदायाचा निर्णय आहे," मी म्हटलं. "आपण त्याचा आदर करायला हवा."

त्या घरातून मुलं हाकलली गेली नाहीत. दारात आलेल्या लेकरांना कोण हाकलेल, आणि तेही सगळं गाव बघत असताना? मावशींनी सगळा डाव यावरच तर मांडला होता. अध्यक्षांच्या बायकोने भात टाकला, वरण टाकलं, दिवसभर कुणाची नाकं पुसली, कुणाला मांडीवर झोपवलं. संध्याकाळी बायका येईपर्यंत खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. सिंहासनं सर्वांत शेवटी निघाली. चावी अध्यक्षांच्या बायकोने स्वतः आणून मावशींच्या हातावर ठेवली. पाळणाघर परत सुरू झालं. तेव्हापासून आया आपापसात वर्गणी काढून मावशींना द्यायच्या, आणि अध्यक्षांच्या घरून अधूनमधून तांदूळ यायचा.

काही महिन्यांनी संस्थेचं चकचकीत पुस्तक आलं. त्यात मांजरीच्या पाळणाघराचं अख्खं पान होतं. स्थानिक नेतृत्वाने पाळणाघराची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतली, असं लिहिलं होतं, आणि फोटो होता चावी कपाळाला लावणाऱ्या अध्यक्षांचा. मॅडम पुण्यात आल्या तेव्हा मी ते पुस्तक त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, खरं काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं आणि म्हटलं, हे पान बदला. त्या म्हणाल्या की तपशील वेगळे असतील, पण परिणाम तर तोच आहे. त्या महिन्यात मी राजीनामा दिला. मला त्यांचा राग अजून आहे. त्यांनी काही बिघडवलं म्हणून नाही. जे खरोखर घडलं ते बघायला त्या खाली उतरल्याच नाहीत म्हणून.

मांजरीचे ते टॉवर पुरे झाले आणि बायका ठरल्याप्रमाणे पांगल्या. गेल्या हिवाळ्यात धायरीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नव्या इमारतीचा पाया खणला. एका सकाळी दूध आणायला निघाले तर साइटच्या गेटबाहेर सामानाची बोचकी आणि दहा-बारा बायका. सगळ्यांत पुढे ती तरुण आई. मुलगी आता चांगली चालती झाली होती, पण कडेवरच होती. मुकादम आत यायला सांगत होता आणि ती जागची हलत नव्हती.

"आधी पोट्टे कुठं ठेवाचे ते दाखवा," ती म्हणाली.

"ठेवा ना वाळूवर. सगळ्यांची तिथंच असतात."

"आमचे नाही राह्यत."

तो मांजरीतल्या मुकादमापेक्षा जास्त ओरडला. कामाला माणसं खूप मिळतात म्हणाला. ती खाली बसली, बोचक्यावर. मग बाकीच्याही बसल्या. त्यातल्या निम्म्या मला अनोळखी होत्या, मांजरीत त्या कधी नव्हत्याच. मुकादमाने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही संस्थेच्या का?"

"नाही," मी म्हटलं. "मी दूध आणायला चाललेय."

बऱ्याच फोनाफोनीनंतर त्याने सिमेंट ठेवायची एक खोली उघडली. पोती बाहेर काढायला लावली. ती उठली, आत गेली, चारी कोपरे बघितले, विजेच्या उघड्या वायरी बघितल्या, खिडकीतून वाकून खालचा पायाचा खड्डा बघितला. मुकादम दारात घाई करत होता. मुलगी खाली उतरायला धडपडत होती, पण आईने तिच्या कंबरेभोवतीचा हात सोडला नाही.

"ह्या खिडकीले जाळी लावा," ती म्हणाली. "मंग ठेवतो."