राजा खालच्या पायरीवर

उदारीकरणाच्या त्या वर्षांत आमच्या कंपनीने जुन्या कारकुनांना वेळेआधीच घरी बसवले. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचे घर. ओसरीवर बालवाडी काढायचे मी ठरवले आणि कम्युनिटी कॉलेजात बालविकास व कुटुंबशास्त्राच्या वर्गाला नाव घातले. वर्गात सगळ्या बायका. एकट्याला संकोच नको म्हणून बायकोचेही नाव घातले. तिला नेले ते केवळ सोबतीला.

पण थोड्याच दिवसांत शिकवणाऱ्या बाई प्रश्न विचारला की तिच्याकडे बघू लागल्या. मी पाठ करून जायचो. ती सांबार ढवळता ढवळता एकदा वाचायची. प्रात्यक्षिकाला अंगणवाडीत गेलो की पोरे तिच्या पदराशी आणि मी चटईवर एकटा, हातात रंगीत मणी घेऊन. मला आधी पोरांचा राग येई, मग तिचा.

प्रत्येकाने एका मुलाचे निरीक्षण करून वर्गात सांगायचे होते. शेजारच्या मराठी घरातला लहान मुलगा मी निवडला. त्याला मराठी कळे, तमिळ कळे, पण तो कुठल्याच भाषेत बोलत नसे. "हे काय? याला काय म्हणतात?" विचारून विचारून मी थकलो. तो आपला खांबाला चिकटून.

नवरात्राच्या आदल्या दिवशी बायको कोलूच्या, म्हणजे इकडच्या नवरात्रातल्या बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांवर बाहुल्या मांडत होती, त्या मुलाकडे पाठ करून. मी दारातून पाहत होतो. वाण्याच्या बाहुलीला तिने वर देवांच्या रांगेत बसवले आणि राजाला सगळ्यात खाली.

"तप्पु," मागून बारीक आवाज आला. चूक. "राजा वर."

"असं? मग वाणी कुठं रे, बाळा?" ती वळलीसुद्धा नाही.

"खाली. दुकानात."

पुढच्या तासाला मी उभा राहिलो आणि सांगितले, की मूल बोलावे म्हणून मी मुद्दाम बाहुली चुकीच्या जागी ठेवली. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती शेजारीच होती. तिनेही वाजवल्या.

परतताना म्हणाली, "अहो, पुढल्या खेपेला आधी सांगा. पुढच्या बाकावर बसेन, जोरात वाजवेन."

नंतर "घरी कोण बघायचं" म्हणून तिने वर्ग सोडला. नको सोडूस, एवढे म्हणायला माझे तोंड उघडले नाही. उलट हलके वाटले.

प्रमाणपत्र मला मिळाले. ओसरीवरची शाळा पुष्कळ वर्षे चालली. मुले तिने सांभाळली, फी घेताना मी पुढे. गल्ली अजून त्या शाळेला 'सारची', म्हणजे सरांची, 'शाळा' म्हणते. शाळा तिची होती. त्या मुलालाही तिनेच बोलते केले.

तिने वर्ग सोडल्यावरच्या त्या दिवसांत मी तिथून आलो की घुम्यासारखा बसे. ती कॉफी पुढे ठेवून म्हणे, "लहान मूल आपली वस्तू लगेच दुसऱ्याला देतं, असंच ना शिकवलं?"

"चूक," म्हणून मी सुरू होई, तो कॉफी निवेपर्यंत. हिला एवढेही कळत नाही, याचे मला केवढे सुख.

ती गेल्यावर बाहुल्या मीच काढतो. यंदा पेटीतून राजा हाताला लागला आणि तिथेच बसलो. माझ्यासाठीही ती रोज राजाला खाली ठेवत होती.

एवढे कळल्यावरही मनात पहिले आले ते हेच, की हे मला कधी सुचले नसते.