हिंदी विसरलेली आत्या

मला काही येत नाही असं सोंग करण्याचा मी पगार घेते. हनोईतल्या एका द्विभाषिक आंतरराष्ट्रीय शाळेत मी पाच वर्षांच्या मुलांना शिकवते. सकाळी मी इंग्रजीतून शिकवते, आणि दुपारची झोप झाली की तिथल्याच एक बाई व्हिएतनामीतून. आमच्या मुख्याध्यापिकांचा नियम कडक आहे : एका बाईच्या तोंडी एकच भाषा. मला व्हिएतनामीचं अक्षर कळत नाही अशी मुलांची खात्री पटली पाहिजे, नाहीतर इंग्रजी बोलायचे कष्ट कोण घेणार? त्यामुळे एखादा मुलगा पाय आवळून, लालबुंद होऊन, शू लागली म्हणून आपल्या भाषेत काकुळतीने सांगत असतो आणि मी ढिम्म चेहऱ्याने त्याच्याकडे पाहत असते. बहुतेक वेळा त्याला इंग्रजी शब्द आठवतो. आठवला नाही की फरशी पुसायला येणाऱ्या मावशी माझ्याकडे जळजळीत नजर टाकतात.

खरं तर दोन वर्षांत मला त्यांचं बरंचसं कळायला लागलं होतं. पोरांना संशय होताच. ती सापळे लावत. "बाईंच्या केसात पाल शिरली," असं एकमेकांना मोठ्याने सांगत आणि माझ्याकडे टक लावून बसत. मी रायपूरच्या गुढियारीत वाढलेली बाई. आमच्या घरी पाली भिंतीवरून आमचं जेवण पाहत असत. मी हलायची नाही. पण एकदा दुपारी निजानीज चालू असताना एका मुलीने शेजारणीच्या कानात मुख्याध्यापिकांच्या पादण्याची गोष्ट सांगितली, आणि मला फसकन हसू आलं. सोळा मुलं चटयांवर ताठ उठून बसली. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या वर्गात इंग्रजीचा थेंब पडला नाही. मुख्याध्यापिकांनी बोलावून "नेमकं कशाला हसलात?" असं विचारलं, तेव्हा मी आयुष्यात प्रथमच ठसका लागल्याचं निमित्त केलं.

एवढी विद्या घेऊन मी सुट्टीत घरी आले, तर घरात वेगळंच रामायण. दादा रेल्वेत. त्याची बदली विशाखापट्टणमला झालेली, आणि महिनाभरात वहिनी आणि पाच वर्षांच्या पोरीला घेऊन तो जाणार होता. पोरगी माझ्या आईच्या अंगाखांद्यावर वाढलेली. मराठी तिला सगळी कळायची. चिवडा कुठल्या डब्यात लपवलाय हे आम्ही मराठीत कुजबुजलो तरी डबा तासाभरात रिकामा. पण उत्तर मात्र कायम हिंदीत. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, आणि मराठी फक्त कानाने.

पहिल्याच दिवशी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "लोकाच्या पोट्ट्यायले भाषा शिकवते तू. घरची पोट्टी काहून हिंदी झाडून राहिली मंग?"

"मी इथं असते कुठी आई?"

"आता हायेस ना? मंग शिकव." तिने लसूण सोलता सोलता मान फिरवली. "इथं हाये तोवर ठीक हाये. डोळ्यानं दिसते, हातानं घास भरवते. तिकडं गेल्यावर नुसता फोन. नमस्ते दादी म्हनन, दोन गोष्टी हिंदीत बोलन अन् पळन. मंग मी तिची कोन?"

मी स्वतः चार वर्षं नुसत्या फोनवरचीच तर लेक होते. माझ्याकडे महिना होता, आणि सोंग करण्याचा चार वर्षांचा अनुभव.

दुसऱ्या दिवशी पोहे खाताना मी जाहीर केलं, "काल रात्री झोपेत मी हिंदी विसरली."

पोरीने चमचा खाली ठेवला. "ऐसे थोड़ी होता है, बुआ."

मी हनोईचा चेहरा लावला. "दादा, काय म्हणून राहिली ही?"

दादाला आदल्या रात्रीच पढवलं होतं. त्याने बशीतल्या शेंगदाण्यांकडे पाहत सांगितलं, "मलेबी नाई समजलं बाप्पा." वहिनीला ठसका लागला, आणि तो खरा होता.

दोन दिवस पोरगी आमच्याकडे वेड्यांकडे पाहावं तशी पाहत होती. माझी पद्धत चालली असती, पण कुंपणच शेत खायला लागलं. "दादी, भूख लगी," एवढं म्हणायची खोटी, की आई लाडू घेऊन हजर. मी तिला मागच्या अंगणात नेऊन झापलं.

"भुकेल्या लेकराले मी समजत नाई म्हनू?" आई म्हणाली.

"हव!"

"तू म्हन. तुले त्याचा पगार भेटते."

मग आला तो भाजीवालीचा दिवस. ती बीरगावहून टोपली घेऊन वर्षानुवर्षं आमच्या दाराशी येते, छत्तीसगढीत बोलते, आणि आईची मराठी तिला आमच्याइतकीच कळते. पण त्या दिवशी आई घरात नव्हती. मी उंबऱ्यात बसून मराठीत म्हटलं, "लालभाजीवर थोडी कोथिंबीर टाक ना बाई." ती नेहमीसारखी "हव" म्हणणार तेवढ्यात मी तिला डोळा मारला. बाई पोचलेली निघाली. तिने गाल फुगवून पोरीकडे पाहिलं. "का कहत हे तोर बुआ? मोला समझ नइ आवय."

पोरीचा जीव कासावीस झाला. दोन मोठ्या बाया एकमेकींसमोर बसलेल्या, आणि दोघींना एकमेकींचं काही कळत नाही! तिने भाजीवालीला हिंदीत सांगितलं, "धनिया माँग रही है." भाजीवालीने ठसक्यात मान हलवली आणि काहीतरी सुनावलं. पोरगी माझ्याकडे वळली. "वो बोल रही..." मी चेहरा कोरा ठेवला. तिने ओठ चावला, छताकडे पाहिलं, आणि मग तिच्या तोंडून आलं, "आत्या, ते नाई म्हनून राहिली. कोथिंबीर नाई देत म्हन्ते."

मला उडी मारावीशी वाटत होती. मी फक्त म्हटलं, "तिले म्हण, मंग भाजीबी नको." घासाघीस अर्धा तास चालली. भाजीवालीने दुसऱ्या दिवशी आईला सगळी गोष्ट रंगवून सांगितली, आणि आईने तिला चहा पाजला.

पण पोरगीही काही कमी नव्हती. तिने हनोईच्या पोरांसारखेच सापळे लावायला सुरुवात केली. "बुआ, आपकी चाय में मक्खी." मी चहा प्यायले. माशी होती. "बुआ, बंदर आपकी चप्पल ले गया." मी उठले नाही. चप्पल गेली. हट्टाला पेटलं की मला आगापिछा दिसत नाही, हा माझा जुना रोग आहे.

दादाचं सामान बांधून व्हायला तीन दिवस उरले होते. मी वर्तमानपत्र वाचत बसलेली, आई आंघोळीला. पोरगी धावत आली. "बुआ, दूध उफन रहा है!"

मी पान उलटलं.

"बुआ, सच्ची में!"

मी पुन्हा पान उलटलं. तिने माझा हात ओढला, तरी मी राशिभविष्य वाचत राहिले. मग करपल्याचा वास आला. आई ओल्या केसांनी बाहेर धावली. गोल बाजारातून हौसेनं आणलेलं तिचं जाड बुडाचं पातेलं कोळशासारखं झालं होतं आणि दूध ओट्यावरून खाली टपकत होतं.

"घर जाळून मराठी शिकवते काय वं तू?" आई ओरडली. पोरगी घाबरून रडायला लागली आणि हुंदक्यांमधून म्हणत राहिली, "मैंने बोला था, मैंने बोला था." तिचं खरं होतं. मला माझी मनापासून लाज वाटली. मी तिला जवळ घेतलं आणि चक्क हिंदीत माफी मागितली.

त्या संध्याकाळी दादाने सोंग बंद केलं. पोरगी पुन्हा धबधब्यासारखी हिंदी बोलू लागली. कोथिंबिरीची मराठी कुठे गेली कोण जाणे. मी पातेलं घासत बसले होते, तेव्हा आई शेजारी येऊन टेकली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "बोलली तं पायजे नं. कोन्त्याबी भाषेत बोलो. मीच हिंदीत बोलन तिच्यासंग, म्हन्जे ते कंटाळून पळनार नाई." तिने ते इतकं सहज सांगितलं की मला रडूच आलं. मी राखेचा हात डोळ्याला लावला आणि आणखी रडले.

ती तिघं गेली. चार दिवसांनी नव्या घरातून फोन आला. माझी बॅग निम्मी भरलेली होती. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, पदर सारखा केला, आणि पाहुण्यांशी बोलतात तशी जपून जपून सुरुवात केली. "कैसी हो बेटा? खाना खाया? उधर गर्मी बहुत है क्या?"

पलीकडे शांतता.

"हैलो? बेटा?"

"आजी," पोरगी म्हणाली. आजवर ती दादीच म्हणत आली होती. "काय म्हनून राहिली तू? मले नाई समजलं."

आईने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पलीकडून वहिनीचं दाबलेलं हसू ऐकू आलं.

"खाना खाया क्या, पूछ रही हूँ," आई पुन्हा म्हणाली. बिचारी खरंच गोंधळली होती.

"नाईच समजून राहिलं आजी. विसरली मी हिंदी."

आईच्या तोंडावर जे उमटलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ती हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नसावं. "लबाड पोट्टी," ती म्हणाली, "जेवली काय वं तू?"

"हो. भात अन् वरन. आता तू सांग. तू काय जेवली?"

आई सांगत बसली. भाकरी, लालभाजी, मिरचीचा ठेचा, ठेचा जरा जास्तच तिखट झाला होता तोही. मी कपड्यांच्या घड्या घालायची थांबले. हनोईहून मी दर रविवारी फोन करते. तू काय जेवलीस, हे मी आईला चार वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं.