एकनाथसरांचा स्विच

शुक्रवार पेठेत राहणारे एकनाथ देशपांडेसर कॉलेजात खरं तर भौतिकशास्त्र शिकवायचे. एकदा प्राचार्यांच्या कॉम्प्युटरची निसटलेली वायर त्यांनी नीट बसवून दिली आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर लॅब त्यांच्या गळ्यात पडली. सरांनी चारचौघांत कुरकुर केली. आतून मात्र भलतेच खूश झाले.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत एकाने आपल्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर सगळ्यांना उघडं ठेवलं आणि अख्ख्या वर्गाने जागेवर बसून त्यातली उत्तरं उचलली. हे कळल्यापासून सरांना अन्न गोड लागेना. प्राचार्यांचा पिच्छा पुरवून त्यांनी नवा स्विच आणवला. लॅबमधल्या सगळ्या वायरी ज्यात येऊन मिळतात, तो डबा. मग त्यावर प्रायव्हेट व्हीलॅन, म्हणजे कॉम्प्युटरांमध्ये आडभिंती घालायची सोय, कसं लावायचं, याचा अभ्यास मांडला.

"हे बघ," जेवताना ते बायकोला, इंद्रायणीबाईंना समजावू लागले, "पोरांच्या वायरी स्विचमध्ये जिथं खोचतात, ते सगळे पोर्ट आयसोलेटेड, एकटे. एकाने दुसऱ्याशी बोलायचंच नाही. जे काय बोलायचं ते फक्त सर्व्हरशी."

"म्हणजे सुनांनी आपसात बोलायचं नाही, जे असेल ते सासूला येऊन सांगायचं. कळलं की!" इंद्रायणीबाई म्हणाल्या. "तुमच्या आईंनी तर हे स्विच न आणताच केलं होतं."

सरांनी आणखी एक भाकरी वाढून घेतली.

सर्व्हरच्या पोर्टला इंग्रजीत 'प्रॉमिस्क्युअस' म्हणतात. त्याचा 'कुणाशीही संबंध ठेवणारा' हा अर्थ सरांनी शब्दकोशात पाहिला आणि ते कानापर्यंत लाल झाले. वर्गात हा शब्द उच्चारायचा कसा? त्यांनी त्याचं 'मोकळा पोर्ट' असं बारसं करून टाकलं.

परीक्षेला अक्कलकोटहून तिप्पण्णासर परीक्षक म्हणून आले. प्रश्नपत्रिका सर्व्हरवरून सगळ्यांच्या पडद्यावर आली. पोरांनी सवयीने शेजाऱ्याचं फोल्डर शोधलं, तर तिथं शेजारीच नाही! त्यांचे उतरलेले चेहरे बघून सर मिशीत हसले.

पण उत्तरं छापायची वेळ आली आणि प्रिंटर ढिम्म. सरांनी कागद पाहिले, शाई पाहिली, बंद करून चालू केला, शेवटी पाठीवर दोन थापाही मारल्या.

"सर, लई वेळ झाला की," तिप्पण्णासर घड्याळाकडे बघत म्हणाले.

"नवीन सिस्टीम आहे. जरा गरम व्हावी लागते," सरांनी ठोकून दिलं आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. उत्साहाच्या भरात त्यांनी प्रिंटरचा पोर्टही आयसोलेटेड करून टाकला होता. पोरांचे कॉम्प्युटर एकटे, प्रिंटरही एकटा. एकमेकांशी बोलणार कसे? त्यांनी घाईघाईने तो पोर्ट मोकळा केला. इतका वेळ तुंबलेले कागद भराभरा बाहेर पडू लागले.

"झाली वाटतं गरम," तिप्पण्णासर चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाले.

संध्याकाळी सर पेपर तपासायला बसले. प्रत्येकाची चूक निराळी, अगदी स्वतःच्या डोक्यातून काढलेली! कुणाला नेमकं काय कळलेलं नाही, हे सरांना पहिल्यांदाच दिसलं. त्यांना इतका हुरूप आला की त्यांनी लगेच रविवार दुपारचा जादा तास जाहीर केला.

पोरं वैतागली. आणि रविवारची आपली झोपही गेली, हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा नोटीस फळ्यावर लागून गेली होती.